लोखंडाचें बेट

आमचा पुतण्या कामानिमित्त जर्मनींत असतो. यंदा सुटीस घरीं येतांना त्यानें मुलांसाठीं खाऊ आणला, वडील मंडळींसाठीं लोंकरीच्या शाली आणल्या, आणि आमच्यासाठीं एक दगड आणला. "काका, तुम्हांला दुसरें काय आवडणार?" असें म्हणून त्यानें तो कागदांतून सोडवून आमच्या हातावर ठेवला. दगड मुठीएवढाच, पण हाताला भलताच जड लागला. रंग काळसर पोलादी. आणि एका अंगास बारीक पापुद्रे असे कांहीं चकाकत होते कीं, मुलांनीं तो खिडकींतल्या उन्हांत धरून भिंतीवर कवडसे पाडण्याचा खेळ आरंभिला.

दगडाची परीक्षा कोणीं करावयाची, हा प्रश्न आमच्या घरीं कठीण नाहीं. मातुःश्रींनीं चष्मा चढविला, दगड उलटासुलटा करून पाहिला आणि बाळगुटी उगाळण्याची जुनी सहाण मागविली. (देवघरांतली नव्हे, तिला असला परदेशी पाहुणा शिवूं देण्याची कोणाची छाती?) सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकून त्यांनीं दगड चारसहा वेळां फिरविला, तों त्या काळ्या दगडाखालून लाल ओघळ निघाला.

"अरे, हा तर गेरू!" मातुःश्री म्हणाल्या. "एवढ्या लांबून गेरू कशाला आणलास? कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळत होता."

पुतण्या हिरमुसला; पण आम्ही मनांतल्या मनांत मातुःश्रींच्या बुद्धीस नमस्कार केला. खनिजशास्त्राचे विद्यार्थी जी परीक्षा चिनी मातीच्या खरबरीत तुकड्यावर करतात, तीच त्यांनीं सहाणेवर केली होती. दगडाचा रंग फसवितो, त्याची पूड फसवीत नाहीं. हेमटाइट हें लोखंडाचें खनिज कधीं काळें, कधीं करडें, कधीं आरशासारखें चकचकीत असतें. परंतु घांसलें कीं लालच उतरतें. ग्रीक भाषेंत रक्ताला जो शब्द आहे त्यावरूनच त्याला हें नांव मिळालें. आपला गेरू, संस्कृतांतील गैरिक, हें त्याच पदार्थाचें मातकट रूप होय. शुद्ध हेमटाइटमध्यें वजनाच्या शेंकडा सत्तर भाग लोखंड असतें. ज्यांनीं गोमंतकांतील डिचोली, सांगे या बाजूंची तांबडी धूळ अंगावर घेतली आहे, त्यांना हा पदार्थ निराळा सांगावयास नको.

आमच्या हातांतला दगड मात्र एल्बा बेटावरचा. हें नांव ऐकतांच मुलांतील थोरला म्हणाला, "नेपोलियनला ठेवलें होतें तें?" शाळेच्या पुस्तकांत एल्बाला दोन ओळी मिळतात व त्या दोन्ही नेपोलियनच्या असतात. वास्तविक तो त्या बेटावर पुरतें एक वर्षही राहिला नाहीं. लोखंड तेथें अडीच हजार वर्षांहून अधिक काळ निघत होतें, तें १९८१ सालीं थांबलें. त्या बंद पडलेल्या खाणींची हकीकत या महिन्यांत वाचकांस सांगावी असें आम्हीं त्याच दिवशीं ठरविलें.

एल्बा हें इटलीच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, टस्कनी प्रांतासमोर आहे. मुख्य भूमि सुमारें दहा किलोमीटरांवर. सिसिली व सार्डिनिया यांच्या खालोखाल इटलीचें हें तिसरें मोठें बेट. तरी क्षेत्रफळ अवघें २२४ चौरस किलोमीटरांच्या आसपास. पश्चिमेस मोंते कापान्ने हा ग्रॅनाइटचा डोंगर हजार मीटरांहून किंचित् उंच उभा आहे. लोखंड मात्र सारें पूर्वेच्या अंगास, रीओ मरीना या बंदरगांवापासून दक्षिणेच्या कालामीता डोंगरापर्यंत, किनाऱ्याकांठानें पसरलेलें आहे. तें तेथें कसें आलें याबद्दल भूशास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाले. एवढें खरें कीं, सुमारें साठ लाख वर्षांपूर्वीं बेटाच्या पोटांत तप्त शिलारस चढला, त्याच्या बरोबरीचें कढत पाणी चुनखडकांत शिरलें, आणि चुन्याची जागा लोहयुक्त खनिजांनीं घेतली. साठ लाख वर्षें म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबानें कालपरवांची गोष्ट. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटि वर्षांचा आहे. त्यापुढें एल्बा म्हणजे पाळण्यांतलें मूल.

या बेटाचें ग्रीक नांव ऐथालिया. काजळी, धूर असा अर्थ त्यांत आहे, आणि तो भट्ट्यांच्या धुरावरून आला असें प्राचीनांचेंच मत होतें. समोरच्या किनाऱ्यावर एट्रुस्कन नांवाचे लोक राहत. रोम हें खेडें होतें त्या काळीं यांचीं नगरें भरभराटलेलीं होतीं. त्यांपैकीं पोपुलोनिया हें नगर एल्बाच्या समोरच, अगदीं समुद्रावर वसलेलें होतें आणि त्याचें सारें वैभव लोखंडाचें होतें. डायोडोरस हा ग्रंथकार सांगतो कीं, बेटावर खडक फोडून, भट्टींत तापवून, स्पंजासारखे दिसणारे गोळे करीत. व्यापारी ते विकत घेऊन दूरच्या बंदरांत नेत. तेथें त्यांचीं शस्त्रें होत, तसेच कोयते व कुदळीही होत. स्पंजाची उपमा अगदीं नेमकी आहे. लोखंड वितळावयास १५३८ अंश उष्णता लागते. कोळशाच्या जुन्या भट्टींत ती मिळत नसे. म्हणून लोखंड पातळ होऊन वाहत नसे. सच्छिद्र गोळा होऊन तळाशीं बसे आणि मग लोहार तो ठोकून ठोकून त्यांतला मळ बाहेर काढी.

इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास स्ट्राबो नांवाचा भूगोलज्ञ पोपुलोनियाच्या टेकडीवर चढला. तेथून एल्बा व पलीकडचीं बेटें दिसतात, तीं त्यानें पाहिलीं आणि दोन गोष्टी नमूद केल्या. पहिली अशी कीं, बेटावरच्या भट्ट्यांत खनिज नीट वितळत नाहीं, म्हणून तें काढतांच मुख्य भूमीवर नेतात. याचें खरें कारण पुढच्या विद्वानांनीं ओळखलें आहे. खनिज तेंच, भट्टी तीच. सरलें होतें तें सरपण. एवढ्याशा बेटावरचीं झाडें भट्ट्यांनीं खाऊन टाकलीं, तेव्हां भट्टीच जंगलाकडे न्यावी लागली. आमच्या महाबळेश्वराकडील धावड लोक असेच कोळशावर लोखंड गाळीत असत, आणि इंग्रजी अमदानींत त्यांचा धंदा बंद झाला तो खडकांतलें लोखंड संपलें म्हणून नव्हे, तर रान राखावयाचें म्हणून. लोखंडाचा इतिहास लिहिणारानें खाणीइतकेंच झाडांकडेही पाहिलें पाहिजे असें आम्हांस नेहमीं वाटतें.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची. खणून रिकामे झालेले खड्डे काळांतरानें पुन्हा भरून येतात, असें स्ट्राबो लिहितो. शिवाय तो पुस्ती जोडतो कीं, पॅरोस बेटाच्या संगमरवराविषयीं असेंच सांगतात, आणि क्लायटार्कसच्या म्हणण्याप्रमाणें हिंदुस्थानांतील मिठाच्या खडकाचीही तीच गोष्ट आहे! क्लायटार्कस हा शिकंदराच्या स्वारीचा इतिहासकार. पंजाबांतील मिठाचा डोंगर, जो १९४७ पासून पाकिस्तानांत आहे, तोच येथें अभिप्रेत असावा. एल्बाच्या लोखंडाचें व आपल्याकडील मिठाचें असें एकाच वाक्यांत लग्न लागलेलें पाहून आम्हांस मोठी मौज वाटली. रोमन महाकवि व्हर्जिल यानें तर आपल्या काव्यांत एल्बाच्या खाणींना अक्षय्य म्हटलें असून, त्या बेटाचे तीनशें वीर आपल्या नायकाच्या मदतीस धाडले आहेत.

हें वाचून आजचा शाळकरी मुलगा हंसेल. आम्हीं मात्र हंसण्याची घाई केली नाहीं. स्ट्राबो कांहीं भोळा नव्हता. खाणींतून बाहेर टाकलेल्या मातींत बारीक खनिज पुष्कळ राहतें. पावसानें ती माती खालीं घसरते, जुने खड्डे बुजतात. लोहयुक्त पाणी झिरपून पिवळा-तपकिरी थर जमतो व पाहणारास नवें खनिज 'उगवल्या'सारखें दिसतें. त्यांतून, एका पिढीनें हलकें म्हणून टाकलेलें खनिज पुढची पिढी उत्तम म्हणून उचलते. नातवाला आजोबाच्या उकिरड्यांत धन सांपडलें, तर खाण भरून आली असें त्यानें कां म्हणूं नये? हा आमचा तर्क आहे. पण पोपुलोनिया येथें पुढें जें घडलें त्यावरून तो अगदींच पोकळ नसावा.

तेथील बाराती नांवाच्या आखाताच्या कांठीं शेंकडों वर्षें भट्ट्या चालल्या. भट्टींतला मळ, ज्याला आपण लोहकीट म्हणतों, तो बाहेर टाकीत गेले. ढीग वाढले, पसरले, आणि त्यांखालीं एट्रुस्कनांच्या जुन्या समाधिभूमि गडप झाल्या. जुन्या भट्ट्या लोखंड पुरतें काढूं शकत नसल्यामुळें या किटांत लोहांश पुष्कळ शिल्लक होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लोखंडाची टंचाई पडली, तेव्हां आधुनिक कारखानदारांचें लक्ष तिकडे गेलें आणि लक्षावधि टन कीट यंत्रांनीं उपसून नव्या भट्टींत घालण्यांत आलें. तें उपसतांना खालून समाधि निघाल्या, दगडी घुमट निघाले, ब्राँझच्या वस्तु निघाल्या. कांहीं यंत्रांच्या दाढेखालीं फुटल्याही. ज्या किटानें त्यांना झांकून चोरांपासून वांचविलें, तें विकतांना त्या मोडल्या.

ही गोष्ट घरांत सांगितली तेव्हां मातुःश्रींनीं विचारलें, "म्हणजे मंडूरच कीं नाहीं तो?" खरोखर तोच. आयुर्वेदांत पांडुरोगावर जें मंडूरभस्म देतात, तें लोहकिटाचेंच. आपल्या रसग्रंथकारांनीं तर त्याची वयाप्रमाणें प्रतवारी लावली आहे: शंभर वर्षांवरचें उत्तम, ऐंशीं वर्षांचें मध्यम, साठ वर्षांचें कनिष्ठ, त्याहून कोवळें तें विषासमान. पोपुलोनियाचें कीट दोन-अडीच हजार वर्षांचें. आमच्या वैद्यबुवांना एखादें गलबत भरून मिळतें तर त्यांनीं काय मोल सांगितलें असतें कोण जाणे! युरोपीय कारखानदाराला त्याची किंमत केवळ टनावर कळली.

मध्ययुगाचा वृत्तांत आम्ही थोडक्यांत आटोपतों. पीसा नगराचें राज्य गेलें, पिओंबिनोच्या सरदारांचें आलें. सोळाव्या शतकांत तुर्की चाच्यांनीं किनाऱ्यावरचीं गांवें लुटलीं. फ्लॉरेन्सच्या पहिल्या कॉझिमोनें १५४८ सालीं उत्तर किनाऱ्यावर किल्ला बांधला, तेंच आजचें पोर्तोफेर्रायो. या नांवाचा अर्थच लोखंडाचें बंदर. राजे बदलले, पण प्रत्येकाच्या खतावणींत खनिजाचा मक्ता हें एक कलम कायम राहिलें.

आतां नेपोलियन. एप्रिल १८१४ मध्यें त्यानें फ्रान्सचें सिंहासन सोडलें, तेव्हां विजयी राजांनीं त्याला एल्बा बेट, बादशहा ही पदवी आणि वर्षास वीस लाख फ्रँकांचा तनखा देऊं केला. ४ मे रोजीं तो पोर्तोफेर्रायो येथें उतरला. बरोबर शेंकडों शिपाई, दरबार, घोडे, चाकर. आणि तनखा म्हणाल तर फ्रान्सच्या नव्या राजानें त्यांतला एक पैसाही कधीं पाठविला नाहीं. बेटावर मोठें असें उत्पन्न एकच होतें, तें रीओच्या खाणींचें. म्हणून पहिल्याच आठवड्यांत बादशहाची स्वारी रीओला गेली.

खाणींचा कारभार १८०९ पासून आंद्रे पोंस नांवाच्या फ्रेंच गृहस्थाच्या हातीं होता. हा मनुष्य जात्या प्रजासत्ताकवादी. नेपोलियन बादशहा झाला ही गोष्टच त्याला मान्य नव्हती. त्याच्या तिजोरींत खाणींचे कांहीं पैसे जमलेले होते. नेपोलियननें ते मागितले. पोंसनें उत्तर दिलें कीं, आपण बेटावर येण्यापूर्वीं जमलेली ही रक्कम आहे, खाणींचें उत्पन्न 'लीजन ऑफ ऑनर' या संस्थेस लावून दिलेलें होतें, तेव्हां ती तिची, आपली नव्हे. ज्याच्या शब्दासरशीं युरोपचीं राज्यें उलथलीं, त्याच्या तोंडावर एका खाणीच्या कारकुनानें हा हिशेब मांडला. बादशहा संतापला, त्यानें दटावलें, खजिनदाराकरवीं तगादे लावले. पोंस वाकेना. महिनोन्महिने हा वाद चालला.

पुढें जें झालें तें मनुष्यस्वभावाचें मोठें कोडें आहे. भांडतां भांडतां पोंस नेपोलियनच्या मोहांत पडला. नेपोलियननेंही त्याला काढून टाकलें नाहीं. पैसा अडवून धरणारा कारभारी आपल्यासाठींही तो तसाच राखील, हें त्या धूर्त माणसास कळलें असावें. २६ फेब्रुवारी १८१५ रोजीं नेपोलियन सुमारें हजार माणसांनिशीं बेटावरून निसटला, तेव्हां बरोबरच्या मंडळींत पोंस होता. त्या शंभर दिवसांच्या राज्यांत त्याला लिओं येथील प्रीफेक्टचा मोठा हुद्दा मिळाला. वॉटर्लूनंतर अर्थातच सारें गेलें. त्यानें लिहून ठेवलेल्या एल्बाच्या आठवणी १८९७ सालीं प्रसिद्ध झाल्या, व नेपोलियनच्या तेथील वास्तव्याचें वर्णन करणारा प्रत्येक लेखक त्यांवर हात मारतो. आमच्या मतें मात्र त्यांतला पहिला, न वाकणारा पोंसच अधिक स्मरणीय आहे.

नेपोलियनचें नांव एल्बाच्या एका खनिजालाही लागतां लागतां राहिलें. रीओच्या परिसरांत काळ्या, लांबट, उभ्या रेघांच्या स्फटिकांचें एक खनिज सांपडतें. त्यांत चुना, लोखंड व सिलिका हीं एकत्र असतात. लेलिएव्हर या फ्रेंच खनिजज्ञानें त्याचें वर्णन केलें आणि त्याला नांव दिलें 'येनाइट', म्हणजे १८०६ सालीं नेपोलियननें प्रशियाचा येना येथें जो धुव्वा उडविला त्याचें स्मारक. जर्मन खनिजज्ञ त्या काळीं या शास्त्रांत अग्रेसर. आपल्या पराभवाचें नांव स्वतःच्या ग्रंथांत छापावयाचें त्यांच्या जिवावर आलें. वेर्नर यानें तें बदलून संशोधकाच्या नांवावरून 'लिव्हराइट' केलें. स्टेफेन्स यानें १८११ सालीं बेटाच्या लॅटिन नांवावरून, म्हणजे 'इल्वा'वरून, 'इल्वाइट' केलें, आणि तेंच टिकलें. दगडाला लढाईचें नांव देणारा व तें पुसणारा, दोघांपैकीं कोण अधिक बालिश, याचा निर्णय वाचकांनीं करावा.

हेमटाइट व इल्वाइट यांच्या जोडीला एल्बाचें तिसरें रत्न म्हणजे पायराइट. हें लोखंड व गंधक यांचें संयुग. पितळी पिवळें, चकचकीत. अनोळखी माणसाला सोन्याचा भास व्हावा असें. रीओ येथें त्याचे स्फटिक बारा पंचकोनी बाजूंचे निघतात. कोणी सोनारानें पैलू पाडले असावे असे ते दिसतात. पण ते तसेच खडकांतून येतात. या सुंदर खनिजाला एक खोड आहे. ओल लागली कीं तें कुजतें व त्यांतून गंधकाम्ल स्रवतें. त्यामुळें संग्रहालयवाल्यांना तें जपावें लागतें, आणि त्यामुळेंच जुन्या खाणींतलें पाणी आंबट व लालजर्द होतें.

दक्षिणेकडील कालामीता डोंगरांत मॅग्नेटाइट हें खनिज आहे. इटालियन भाषेंत कालामीता म्हणजे लोहचुंबक, आपला अयस्कांत. या डोंगरामुळें जहाजांच्या होकायंत्राचा कांटा फिरतो, इतकेंच नव्हे तर तो जहाजांचे खिळे उपटून घेतो, अशा दंतकथा जुने खलाशी सांगत. खिळ्यांची गोष्ट सोडून द्यावी. अशा चुंबकाच्या डोंगराची कथा अरबी सुरस गोष्टींतही आहे.

खाणींच्या हद्दीबाहेरची, पण न सांगतां राहवत नाहीं अशी एक गोष्ट. पश्चिमेकडील ग्रॅनाइटांत रंगीबेरंगी तोरमल्ली सांपडते. एकाच स्फटिकांत गुलाबी, हिरवा व टोंकाला काळा असे रंग असतात. तिला १९१३ सालीं व्हेर्नाड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें 'एल्बाइट' नांव दिलें. त्याच खडकांत पोलक्स नांवाचें, दिसावयास सामान्य कांचेसारखें, एक दुर्मिळ खनिज निघालें. १८४६ सालीं प्लाटनर या जर्मन रसायनज्ञानें त्याचें पृथक्करण केलें, तों घटकांची बेरीज शंभर येईना; सुमारें सात भाग कोठें तरी गहाळ. पुन्हा पाहावें तर दगड संपलेला. बिचाऱ्यानें प्रामाणिकपणें कमी पडलेली बेरीज तशीच छापली. १८६० सालीं बुन्सेन व किर्खहोफ यांनीं एका झऱ्याच्या पाण्यांत सीझियम हें नवें मूलद्रव्य शोधलें, आणि १८६४ मध्यें पिसानी यानें दाखविलें कीं, प्लाटनरनें ज्याला पोटॅशियम समजून तोललें तें हेंच जड सीझियम होतें. हिशेब नव्यानें मांडतांच बेरीज जुळली. आज जगांतील घड्याळांचा सेकंद ज्या धातूवरून ठरतो तो हाच. चुकलेली बेरीज खोडून शंभर लिहिण्याचा मोह प्लाटनरला झाला नाहीं, हें आमच्या घरच्या गणिताच्या वह्या तपासतांना आम्ही मुलांस आवर्जून सांगतों.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत एल्बाचें खनिज टोपल्यांत, गाढवांवर व गलबतांत चढून बाहेर जात असे. मग मोठ्या भांडवलाचा काळ आला. १८९९ सालीं कंपनी निघाली, १९०२ मध्यें पोर्तोफेर्रायो येथें उंच भट्टी पेटली, आणि कित्येक शतकांनीं बेटावर पुन्हा धूर दिसूं लागला. १९०५ सालीं स्थापन झालेल्या मोठ्या पोलाद कंपनीनें आपलें नांवच 'इल्वा' ठेवलें. पण मजुराच्या वांट्यास उन्हांतलें काम, लाल धूळ आणि तुटपुंजी रोजी. १९११ सालीं एल्बा व पिओंबिनो येथील कामगारांचा लढा कित्येक महिने चालला. चुली विझल्या, आणि अखेर माघार कामगारांनाच घ्यावी लागली. दुसऱ्या महायुद्धांत पोर्तोफेर्रायोच्या भट्ट्या बाँबवर्षावानें उद्ध्वस्त झाल्या. त्या पुन्हा उभारल्या गेल्या नाहींत. खाणी मात्र चालूच राहिल्या. कालामीताच्या बाजूस तर समुद्रसपाटीच्याही खालीं बोगदे उतरले.

तरीही १९८१ सालीं शेवटची पाळी वर आली व फाटक बंद झालें. खनिज संपलें म्हणून नव्हे. डोंगराच्या पोटांत मॅग्नेटाइट शिल्लक असतांनाच खाण सोडली गेली. ब्राझील व ऑस्ट्रेलिया येथें डोंगरचे डोंगर यंत्रांनीं कापून, प्रचंड जहाजांत भरून आणलेलें खनिज इटलीच्या बंदरांत एल्बाच्या खनिजाहून स्वस्त पडूं लागलें होतें. दहा किलोमीटरांवरचें महाग आणि दहा हजारांवरचें स्वस्त! व्हर्जिलची 'अक्षय्य' खाण शब्दशः अक्षय्य ठरली, पण मजुरांना त्याचा काय उपयोग? ज्या घरांतून बाप, आजा, पणजा खाणींत गेले होते, तेथील मुलांना खानावळी, नावा आणि प्रवाशांच्या खोल्या यांकडे वळावें लागलें. हेंही पोट भरण्याचेंच साधन, त्याला नांवें ठेवणें आम्हांस शोभत नाहीं. तथापि खाणकाम्याचा हात जें जाणत होता, तें ज्ञान खानावळींत कामास येत नाहीं.

पुतण्यानें जें पाहिलें तें असें: रीओ मरीनाच्या मागें डोंगर पायऱ्यापायऱ्यांनीं कापलेला, लाल, पिवळा, जांभळा. पाऊस पडून गेल्यावर ओहोळ कुंकू कालवल्यासारखे वाहतात. जवळच्या पुळणींवर वाळू काळी व चमचमती, पाय बुडविला कीं पोटऱ्यांना चांदीची पूड लागल्यासारखी दिसते, ती हेमटाइटची. तेर्रानेरा येथें जुन्या खाणीच्या खड्ड्यांत हिरवट, गंधकाच्या वासाचें तळें सांठलें असून, निळ्या समुद्रापासून त्याला एक अरुंद पट्टी तेवढी वेगळी करते. गांवांत खनिजांचें संग्रहालय आहे, खाणींतून फिरविण्याची सोय आहे. मुलांना हातोडी देऊन जुन्या ढिगाऱ्यांत पायराइट शोधूं देतात, आणि तें सांपडतेंही.

"हा तुला तेथेंच सांपडला?" मातुःश्रींनीं विचारलें.

पुतण्या अमळ गप्प बसला. मग म्हणाला, "नाहीं आजी. मी अर्धा तास शोधला, पण हाताला बारीकसारीकच लागलें. हा दुकानांतून घेतला. बारा युरो."

"आणि लोखंड विकत होते तेव्हां एवढ्याचे काय मिळत असे?"

टनाचा भाव काढून आम्हीं पाटीवर हिशेब केला. एवढ्या दगडाचा एक पैसाही पुरता होईना. मातुःश्रींनीं तो आंकडा ऐकला, मान हलविली, आणि सहाणेवर उगाळलेला गेरू वाळून फुकट जाईल म्हणून बोटावर घेऊन अंगणांत गेल्या. तुळशीवृंदावनाच्या एका कोपऱ्याचा रंग गेल्या पावसांत उडाला होता. तेवढ्यापुरता तो पुरला. दगड तूर्त आमच्या टेबलावर कागद दाबून बसला आहे.